स्लीप अ‍ॅप्नियाचा उपचार: घोरण्याच्या व्हिडिओपासून मास्कची सवय होईपर्यंत

घोरण्यावरून घरात थट्टा होते, भांडणं होतात, कोणी उशी उचलून दुसऱ्या खोलीत जातं. तपासणी मात्र वर्षानुवर्षं होत नाही. कधीतरी होते, अ‍ॅप्निया निघतो, मशीन घरी येतं आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. अवघड भाग खरं तर तिथून पुढे असतो. कपाटावर धूळ खात पडलेली बहुतेक सीपॅप मशीनं (मास्कमधून दाबाने हवा सोडणारी) बिघडलेली नसतात. पहिल्या पंधरवड्यात मास्क टोचत होता, हवा डोळ्यांत जात होती आणि विचारायला कोणी नव्हतं, एवढंच झालेलं असतं. त्यामुळे उपचार कोणता घ्यायचा याइतकंच, पाठीशी कोण आहे आणि त्यांच्याकडून काय मागायचं हेही आधीच ठरवून ठेवा.

झोपेत होतं काय

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट मिटते. छाती-पोट श्वास ओढायची धडपड करत राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही क्षणांसाठी जागा होतो, स्नायू आवळले जातात, वाट उघडते आणि माणूस पुन्हा झोपतो. हा झाला ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकार, सर्वांत जास्त आढळणारा. सेंट्रल प्रकारात वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याचा संदेशच मेंदूकडून येत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांत किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं घेणाऱ्यांत तो दिसतो. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून "घोरतोस ना, मग हे मशीन लाव" इतका सरळ हिशोब इथे चालत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

डॉक्टरांना "मी घोरतो" एवढंच सांगितलंत, तर वजन कमी करा आणि कुशीवर झोपा, इतक्यावर बोळवण होण्याची शक्यता जास्त. नोंदी घेऊन गेलात तर बोलणं थेट मुद्द्यावर येतं.

सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे फोनवर काढलेला व्हिडिओ. तो शक्यतो पहाटेच्या सुमारास काढावा, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात. चेहरा आणि छाती-पोट दोन्ही दिसायला हवेत. पांघरूण बाजूला, दिवा मंद. अ‍ॅप्निया असेल तर साधारण असं दिसतं: घोरण्याचा आवाज चढत जातो आणि मध्येच तुटतो. खोली एकदम शांत होते. छाती आणि पोट मात्र हलत असतात, तेही उलटसुलट. पोट वर येतं तेव्हा छाती आत ओढली जाते. मग घशातून जोराचा फुत्कार, हातापायांची हालचाल, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. झोपलेल्याला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. "मी कुठे घोरतो?" हे उत्तर बिचारा अगदी प्रामाणिकपणे देत असतो. एकटे राहत असाल तर रात्रभराचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, त्यातही त्या शांततेच्या जागा सापडतात.

दोन आठवडे वहीत लिहा: झोपायची आणि उठायची वेळ, रात्री लघवीला किती वेळा उठलात, सकाळी डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का, दिवसा कुठे पेंग आली. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर ते लपवू नका. ही एक गोष्ट तुमची तपासणी रांगेत पुढे आणू शकते. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादीही सोबत ठेवा, झोपेच्या गोळ्या आणि ताण कमी करणाऱ्या गोळ्या धरून.

अ‍ॅप्नियाची शंका किती, हे जोखायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या दोन. एपवर्थ ही मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये मांडलेली. वाचत बसलेलं असताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं झाल्यावर अशा ८ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. दुसरी स्टॉप-बँग: घोरणं, थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, रक्तदाब, ३५ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा), ५० च्या वर वय, जाड मान आणि पुरुष असणं. ८ पैकी ३ उत्तरं 'हो' आली तर धोका मध्यम, ५ किंवा जास्त आली तर मोठा. मात्र एपवर्थमध्ये कमी गुण आले म्हणून अ‍ॅप्निया नाहीच असं समजू नका. वर्षानुवर्षं अर्धवट झोपणाऱ्याला ताजंतवानं वाटणं म्हणजे काय, हेच आठवत नसतं.

बायकांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. त्यांच्यात मोठ्याने घोरण्याऐवजी झोप न लागणं, रात्री जाग येणं, थकवा, डोकेदुखी, उदास वाटणं अशी लक्षणं पुढे येतात, आणि उपचार निद्रानाशाचा किंवा नैराश्याचा सुरू होतो. पाळी गेल्यानंतर तर अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं. तेव्हा व्हिडिओ आणि वही घेऊन, "झोपेत श्वास अडकतोय का, हे तपासायचंय," असं स्पष्ट शब्दांत सांगा.

कोणत्या डॉक्टरांकडे

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. पुढे छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ, यांपैकी कोणीही चालतील; पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा त्यांनी झोपेच्या विकारांचं प्रशिक्षण घेतलंय का आणि असे रुग्ण ते नियमित पाहतात का, हे महत्त्वाचं. पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या:

– स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या तपासणीचा, अहवाल स्वतः डॉक्टर बघतात, की फक्त मशीनने काढलेले आकडे छापून मिळतात?
– मशीन सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात अडचण आली तर फोन कोणाला करायचा?
– मशीनमधली रोजची माहिती कोण बघणार?
– मास्क बसला नाही तर बदलून मिळतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कंपनीचा माणूस बघेल" असं आलं तर मी तरी दुसरे डॉक्टर शोधेन. मास्क बसवण्यात तो माणूस तरबेज असेलही, पण प्रेशर किती असावं, सेंट्रल अ‍ॅप्निया का दिसतोय, हे त्याने ठरवायचं काम नाही. आणि तपासणी न करताच मशीन गळ्यात मारणाऱ्यापासून तर चार हात लांब राहावं.

याच टप्प्यावर रक्तदाब, थायरॉइड, साखर आणि घशाची-नाकाची तपासणी होऊन जावी. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर अ‍ॅप्नियाची शंका आपणहून काढा. वजन खूप जास्त असेल तर रक्तातलं बायकार्बोनेट तपासायला सुचवा. ते २७ किंवा त्याहून जास्त आलं तर दिवसाही श्वास अपुरा पडतोय का हे बघावं लागतं, आणि मग उपचार बदलू शकतो.

स्लीप स्टडी

स्टडी दोन प्रकारची. प्रयोगशाळेतल्या चाचणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचे आणि पायांचे स्नायू, हृदयाचे ठोके, नाकातून जाणारी हवा, छाती-पोटाचे पट्टे आणि ऑक्सिजन असं सगळं रात्रभर नोंदतात. घरच्या चाचणीत साधारणपणे हवा, पट्टे आणि ऑक्सिजन एवढंच. अंगभर वायरी लावून झोप कशी लागणार, अशी धास्ती प्रत्येकाला असते. झोप नेहमीसारखी लागत नाही हे खरं, पण निदानापुरती बहुधा लागते. त्या दिवशी केसांना तेल नको, बोटांना नेलपॉलिश नको, दुपारची झोप नको. नेहमीची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरची चाचणी सोयीची आहे, पण तिची एक खोच माहीत हवी. ती मेंदूच्या लहरी नोंदत नाही, त्यामुळे तुम्ही झोपला होतात की छताकडे बघत पडला होतात, हे तिला कळत नाही. श्वास थांबल्याची संख्या ती झोपेच्या तासांऐवजी नोंदणीच्या एकूण तासांनी भागते, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक असून घरची चाचणी 'नॉर्मल' आली, तर प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आग्रह धरा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार, पक्षाघात होऊन गेलेला, स्नायूंचा आजार, किंवा अफूवर्गीय औषधं चालू असतील, तर आधीपासूनच प्रयोगशाळा बरी. मनगटावरचं घड्याळ शंका निर्माण करायला ठीक आहे, निदान करायला नाही.

अहवालातले आकडे

अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्या, शेवटचं एक पान नको. मुख्य आकडा एएचआय: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच मंदावला. किमान १० सेकंदांचा अडथळाच मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण एवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला, ते बघा. उताणं झोपल्यावरचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलेला असतो. समजा दोघांचा एएचआय १८ आहे. एकाचा उताणं झोपल्यावर ४० आणि कुशीवर ४, दुसऱ्याचा दोन्हीकडे सारखाच. कागदावर दोघेही 'मध्यम', पण पहिल्याला पाठीवर वळूच न देणारा पट्टा पुरेसा ठरू शकेल, दुसऱ्याला नाही. सेंट्रल घटना किती, हेही विचारा.

उपचार कोणता

मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियात पहिली पसंती सीपॅपला. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. नाकावाटे हलक्या दाबाने सतत हवा सोडायची, म्हणजे घशाला आतून हवेचा टेकू मिळतो आणि वाट मिटत नाही. इतकंच. मशीन ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा देते. उलट, मिटणाऱ्या घशावर नुसता ऑक्सिजन लावल्याने वाट उघडत नाही, म्हणून तो सीपॅपला पर्याय नव्हे.

सीपॅपने दिवसाची पेंग आणि घोरणं कमी होतं, रक्तदाब थोडा उतरतो. हृदयविकाराचा झटका टळतो असं छातीठोकपणे कोणी सांगत असेल तर मात्र सबुरीने घ्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात, आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, हेही तितकंच खरं.

सौम्य किंवा मध्यम अ‍ॅप्निया असेल, किंवा सीपॅप कसंही जमत नसेल, तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन मिळतं. ते झोपेच्या विकारांची जाण असलेल्या दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावं, आणि बसल्यावर ते लावून पुन्हा स्टडी करावी. घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया थांबला असं नसतं. टॉन्सिल खूप मोठे असतील तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, मुलांमध्ये तर बहुधा तोच पहिला उपाय. निवडक रुग्णांसाठी जिभेच्या मज्जातंतूला चालना देणारं उपकरण छातीत बसवतात. वजनाचा परिणाम मोठा आहे: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन घटल्यावर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटलेला दिसला. लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण वजन उतरायला महिने लागतात, तोवर रात्री श्वास अडकतच राहणार. "आधी वजन कमी करतो, मग मशीनचं बघू" हा क्रम म्हणून मला पटत नाही. दोन्ही एकदमच सुरू करावं.

मशीन आणि मास्क घेताना

मशीनवर लोक फार विचार करतात आणि मास्क जो हातात येईल तो घेतात. करायला हवं नेमकं उलट. फक्त नाक झाकणारा, नाकपुड्यांत टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे तीन मुख्य प्रकार. नाकाने श्वास घेता येत असेल तर पहिल्या दोनपैकी एकापासून सुरुवात करा. कमी जागा व्यापतात, गळतीही कमी. मास्क बसून, आरशात बघून पसंत करू नका. आडवं व्हा, मशीन चालू करा, प्रेशर चढू द्या, कुशी बदला आणि मग पट्टे सैल-घट्ट करा. आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवणच बदलते. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या चिमट्या असतात. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं उपकरण असेल, अगदी शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात असेल तरीही, असा मास्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रेशर आपोआप कमी-जास्त करणारं मशीन बऱ्याच जणांना सोयीचं पडतं, पण त्यातही खालची-वरची मर्यादा डॉक्टरांनी ठरवलेली हवी. ४ ते २० (दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात) अशी सबंध मर्यादा मोकळी सोडून दिलेली मशीनं सर्रास दिसतात; काहींना ४ वर गुदमरल्यासारखं होतं आणि दोष मास्कला दिला जातो. मशीन रोजची सविस्तर नोंद ठेवणारं असावं. वापरलेलं घेणार असाल तर मॉडेल आणि अनुक्रमांक तपासा: फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो मशीनं परत मागवली होती.

पहिले काही आठवडे

पहिल्याच रात्री आठ तासांचा पण करू नका. आधी दिवसा, जागेपणी, मशीन बंद ठेवून मास्क नुसता तोंडाशी धरा. मग हवा सुरू करून धरा. मग पट्टे लावून वाचत किंवा टीव्ही बघत अर्धा तास बसा. मग दुपारी तसंच आडवं व्हा. कोंडल्यासारखं होणाऱ्यांना ही चढण फार उपयोगी पडते. एक पायरी अंगवळणी पडेपर्यंत पुढची घ्यायची नाही. रात्री प्रेशर हळूहळू चढवणारी 'रॅम्प' ही सोय चालू ठेवा.

अडचणी येतातच. हवा डोळ्यांकडे सुटत असेल तर आपण पट्टे आवळतो, आणि गळती वाढते, वर नाकाच्या दांड्यावर वळ उठतो. आधी पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून पुन्हा टेकू द्या. तरी गळत असेल तर मास्कच्या उशीचं, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाचं, माप चुकलंय. झोपण्यापूर्वी चेहरा धुवा; क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीवर सिलिकॉन घसरतं. तोंड कोरडं पडत असेल तर तोंड उघडं राहतंय: नाक चोंदलेलं असेल तर त्याचा उपचार आधी, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा मशीनचा भाग) वाढवा, आणि तरी जमलं नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क. ओठांना चिकटपट्टी लावण्याचं खूळ डॉक्टरांना न विचारता करू नका. नळीत गुडगुड आवाज येऊन तोंडावर पाणी उडालं, तर ओलावा कमी करा किंवा तापणारी नळी वापरा, आणि मशीन गादीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. पोटात हवा भरून सकाळी ढेकर आणि फुगा येत असेल तर डोक्याकडची बाजू थोडी उंच करून बघा, आणि प्रेशरबद्दल डॉक्टरांशी बोला. झोपेतच मास्क काढून टाकत असाल तर स्वतःवर चिडू नका. जाग आली की पुन्हा लावा, आणि किती वाजता काढला जातोय ते मशीनच्या नोंदीत शोधा. त्याच सुमाराला गळती किंवा प्रेशर चढलेलं सापडलं तर कारण तिथेच आहे.

मास्कची उशी रोज साध्या साबणाने धुवायची, ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, तेही रोज बदलायचं. ओझोनने साफ करणाऱ्या पेट्या नकोत. त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये इशारा दिला आहे.

पाठपुरावा

मशीन सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत एक फोन, महिन्याभरात भेट, तीन महिन्यांनी पुन्हा भेट, पुढे वर्षातून एकदा, एवढं किमान ठरवून घ्या. प्रत्येक भेटीला तीन आकडे घेऊन जा: रात्री सरासरी किती तास लावलं, गळती किती, आणि मशीन लावलेलं असताना एएचआय किती उरला. शेवटचा ५ च्या खाली असावा. रात्री ४ तास, ७० टक्के रात्री, हा निकष अमेरिकेतल्या विम्यासाठी रूढ झाला आहे. पुरेसा उपचार म्हणून त्याकडे बघू नका. झोप जितकी, तितका वेळ मास्क हवा, खास करून पहाटे. पहाटे चारला मास्क काढणारा नेमका सर्वांत वाईट वेळ उघडा सोडतो.

उरलेल्या घटनांमध्ये सेंट्रल जास्त दिसत असतील तर लगेच कळवा. काहींना उपचार सुरू झाल्यावर त्या येतात आणि आपोआप ओसरतात, काहींना वेगळं मशीन लागतं. हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच कमी असेल तर मात्र एएसव्ही हे, श्वासागणिक दाब बदलणारं, मशीन धोक्याचं ठरलंय, त्यामुळे तो निर्णय हृदयतज्ज्ञांना धरूनच घ्यावा. आणि आकडे उत्तम असूनही पेंग येतच असेल तर "मशीन तर छान चाललंय" यावर विषय मिटू देऊ नका. झोपेचे तास कमी आहेत का, लोह, थायरॉइड, नैराश्य, चालू औषधं, झोपेचा दुसरा विकार, हे एकेक करून तपासायला सांगा. डॉक्टर ऐकत नसतील तर अर्ध्या पानावर लक्षणं, तीन आकडे आणि एकच नेमका प्रश्न लिहून द्या. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, आणि दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

भूल देण्याची कोणतीही शस्त्रक्रिया असो, अगदी दातांची का असेना, भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्निया सांगा आणि मशीन सोबत न्या. झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची दारू घसा आणखी सैल करतात. पेंग आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवू नका. विमानात मशीन हातातल्या सामानातच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि वजन बरंच वाढलं-घटलं, किंवा थांबलेलं घोरणं मास्क लावूनही ऐकू यायला लागलं, तर पुढच्या वर्षीच्या भेटीची वाट बघू नका. प्रेशर आणि गरज वाटल्यास स्टडी दोन्ही नव्याने करून घ्या.